कोणता बिंबराजा?



दातिवऱ्यापासून केळवे-माहीमपर्यंतच्या या किनारपट्टीवर जुन्या घराण्यांच्या कुळकथा ऐकल्या, तर त्यांतल्या बऱ्याच एकाच वाक्यापाशी येऊन थांबतात : ‘आम्ही बिंबराजाबरोबर आलो.’ हे वाक्य श्रद्धेने सांगितले जाते आणि ते श्रद्धेनेच ऐकले पाहिजे. पण पिढ्यान्‌पिढ्या ते सांगितले जात असताना एक प्रश्न विचारायचा राहून गेला आहे : कोणत्या बिंबराजाबरोबर? आपल्या परंपरेत या नावाचे किमान दोन राजे आहेत आणि त्यांच्यात सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे. त्यांच्या भोवती या नावाशी मिळत्याजुळत्या नावाचे आणखी दोन राजे गुजरातच्या इतिहासात उभे आहेत. या सगळ्यांचा मिळून एकच ‘बिंबराजा’ लोकांच्या स्मरणात उरला. आज मला जे मांडायचे आहे ते असे, की नाव सारखे असले म्हणून माणूस एक ठरत नाही, आणि जिथे नावाच्या आधारावर माणसे एकत्र केली गेली तिथे इतिहासातले एखादे संपूर्ण प्रकरण गाळले गेले आहे. बिंब वेगळे केले तर या किनाऱ्याचा इतिहास लहान होत नाही, उलट त्यात एका स्थलांतराऐवजी दोन स्थलांतरे दिसू लागतात. हे मी पुराव्यानिशी सांगण्याचा प्रयत्न करणार आहे आणि त्यावर येऊ शकणाऱ्या हरकतींचाही विचार करणार आहे.

आधी नावे पुन्हा पुन्हा का येतात ते पाहू, कारण त्यातच ओळख पटवण्याची रीतही दडलेली आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल जुनी आहे. त्यामुळे एका घराण्याच्या वंशावळीत तीच दोन-तीन नावे एकाआड एक पिढीत फिरत राहतात. समकालीनांना याचा त्रास होत नसे, कारण त्यांच्यासमोर माणूस असे. कागदावर मात्र ते काळजी घेत. थोरल्या बाजीरावांचे नाव कागदोपत्री ‘बाजीराव बल्लाळ’ असे येते आणि शेवटच्या पेशव्याचे ‘बाजीराव रघुनाथ’ असे. बापाचे नाव जोडले की घोटाळा संपला. ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ हे आकडे नंतरच्या इतिहासकारांनी लावलेले आहेत. त्या माणसांनी स्वतःला कधी असा आकडा लावला नाही. या भागाला सर्वांत जवळचे उदाहरण चिमाजी अप्पांचे. जानेवारी १७३९ मध्ये ज्यांच्या मोहिमेत माहीम आणि तारापूर पोर्तुगिजांकडून घेतले गेले, तारापूरच्या लढाईत ज्यांचा बाजी भीवराव रेठरेकरांसारखा सरदार पडला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ज्यांनी वसई घेतली, ते चिमणाजी बल्लाळ. राघोबादादांचे धाकटे चिरंजीव हे दुसरे चिमाजी अप्पा. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर १७९६ मध्ये त्यांना यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन काही महिन्यांपुरते पेशवेपदावर बसवण्यात आले, आणि दत्तक गेल्याबरोबर ते ‘रघुनाथ’ यांचे पुत्र न राहता ‘माधवराव’ यांचे पुत्र झाले. वसईच्या विजेत्याला सारा महाराष्ट्र ओळखतो. दुसरा चिमाजी मात्र कुणाला आठवत नाही. नाना फडणवीस, परशुरामभाऊ पटवर्धन आणि दौलतराव शिंदे यांच्या डावपेचांत सापडलेला तो एक तरुण मुलगा होता. त्याच्या नावावर मोठ्या नावाची सावली इतकी दाट पडली आहे की त्याची स्वतंत्र शोकांतिका सांगायला कुणी उरले नाही.

ही सावली सगळीकडे पडते. शिवछत्रपतींचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात कामी आले. १६५७ मध्ये जन्मलेल्या पुतण्याला तेच नाव मिळाले आणि पुतण्याच्या तेजस्वी, दारुण चरित्रापुढे काका जवळजवळ नाहीसा झाला. पुढे कोल्हापूरच्या गादीवर आणखी एक संभाजी आले, ज्यांचा १७३१ चा वारणेचा तह सातारकर शाहूंशी झाला. शाहू या नावाचेही तसेच. साताऱ्याचे शाहू छत्रपती १७४९ मध्ये वारले आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू १८७४ मध्ये जन्मले. दोघांमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर, राज्ये वेगळी, कामे वेगळी, तरी शाळकरी मुलांच्या उत्तरपत्रिकांतच नव्हे तर मोठ्यांच्या भाषणांतही एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या पदरात पडते. इथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सातारकर शाहूंचे जन्मनाव शिवाजी होते आणि राजर्षींचे यशवंतराव. कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला तेव्हा त्याच्याबरोबर ‘शाहू’ हे नाव आले. म्हणजे राजघराण्यात नाव हे नुसते हाक मारण्यासाठी नसते. ते वारशाचा दावा असते, आणि गादीबरोबर ते अंगावर चढवले जाते. हा मुद्दा पुढे बिंबांकडे वळताना उपयोगी पडेल.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. बिंबांविषयी आपल्याला जे काही माहीत आहे त्याचा मुख्य आधार म्हणजे महिकावतीची बखर. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे सर्वांत जुने भाग केशवाचार्याने शके १३७० मध्ये, म्हणजे इ. स. १४४८ मध्ये लिहिले आणि बाकीच्या भागांची भर नंतर त्यात पडत गेली. मराठीतील सर्वांत जुन्या बखरींत तिची गणना होते. या बखरीत पहिला बिंब येतो तो प्रतापबिंब. शके १०६० च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११३८ च्या आसपास, तो गुजरातच्या बाजूने उत्तर कोकणात उतरतो, दमण-तारापूरच्या वाटेने महिकावतीला, म्हणजे केळवे-माहीमला, येतो, तिथे राजधानी करतो आणि बाहेरून कुळे आणून ओसाड पडलेला मुलूख वसवतो. त्याच्यानंतर महिबिंब, मग केशवदेव. केशवदेव निपुत्रिक जातो, जनार्दन प्रधानाकडे सत्ता येते आणि त्याचा पाडाव करून नागरशा राज्य घेतो. त्यानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीला, देवगिरीच्या यादवांकडचा बिंबदेव येतो. बखर त्याला यादव राजा रामदेवरावांचा पुत्र मानते. तो नागरशाच्या घराण्याकडून मुलूख घेतो आणि पुन्हा नवी वसाहत होते. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी : बखरीने या दोघांना एकत्र केलेले नाही. दोघांचे वंश, दोघांच्या वाटा, दोघांचे काळ तिने वेगळे ठेवले आहेत आणि त्यांच्यामध्ये चार राजवटी घातल्या आहेत. घोटाळा बखरीने केला नाही. तो वाचणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी केला.

हा घोटाळा वाढवण्यात इंग्रजी अमदानीतल्या लेखकांचाही वाटा आहे. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरपासून १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड्सच्या मुंबईवरील ग्रंथापर्यंत प्रश्न विचारला गेला तो ‘बिंब किंवा भीम हा राजा कोण?’ असा. म्हणजे राजा एकच आहे हे आधी गृहीत धरले आणि मग तो कुठला हे शोधायला निघाले. नाव ‘भीम’ असे वाचले की गुजरातचे सोळंकी समोर येतात. तिथे एक भीमदेव इ. स. १०२२ ते १०६४ या काळात राज्य करत होता. त्याच्याच कारकिर्दीत, १०२६ मध्ये, गझनीच्या महमुदाने सोमनाथ लुटले. तो महमुदापुढून हटला होता, तेव्हा तोच कोकणात आला असावा, असा तर्क झाला. दुसरा भीमदेव ११७८ मध्ये गादीवर आला आणि त्याने साठेक वर्षे राज्य केले. तिसरा उमेदवार देवगिरीचा राजपुत्र. प्रत्येक मताला थोडा थोडा आधार सापडत गेला, कारण प्रत्येक जण खऱ्या परंपरेचा एक तुकडा हातात धरून बसला होता. प्रश्नच चुकीचा होता. ‘बिंब कोण?’ याऐवजी ‘किती बिंब आणि कोणता पुरावा कोणत्या बिंबाचा?’ असे विचारले असते, तर एकमेकांना खोडणारे बरेच पुरावे आपापल्या जागी बसले असते. सोमनाथच्या भीमाचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध जोडायला तर नावातल्या साम्याखेरीज काहीच नाही. सोमनाथाच्या लुटीनंतर अडतीस वर्षे तो अणहिलवाडला राज्य करत होता आणि मोढेऱ्याचे सूर्यमंदिर त्याच्याच काळातले मानले जाते. अशा राजाला या किनाऱ्यावर आश्रय शोधायचे कारणच काय?

आता शिलालेख आणि ताम्रपटांचा कौल घेऊ, कारण बखर तीनशे वर्षांनंतर लिहिलेली आहे आणि दगड त्या त्या दिवशी कोरलेला आहे. बाराव्या शतकात उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. आगाशीचा शके १०७२ चा लेख हरिपालदेवाचा आहे आणि आगाशी दातिवऱ्याहून वैतरणेच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. म्हणजे प्रतापबिंबाच्या आगमनानंतर बारा वर्षांनी खाडीपलीकडे शिलाहार राजाची सत्ता निर्विवाद होती. यावरून प्रतापबिंब झालाच नाही असे ठरत नाही. पण बखर म्हणते तसा तो ठाण्या-वाळकेश्वरापर्यंतचा स्वतंत्र अधिपती असणे कठीण दिसते. माहीम-तारापूरच्या पट्ट्यात वसाहत करणारा, वरच्या सत्तेला मान देऊन राहणारा एखादा लहान राजा, ही त्याची प्रतिमा दोन्ही पुराव्यांशी जुळते. मला तीच अधिक खरी वाटते.

गंमत अशी की ज्या शिलाहारांची साक्ष आपण काढतो आहोत त्यांच्या घराण्यातही नावांची हीच पुनरावृत्ती आहे. तिथे दोन अपरादित्य आहेत, तीन अनंतदेव आहेत, केशिदेवही दोन. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख सर्वांत जुना मराठी शिलालेख की नाही, हा वाद याच नामसाम्यातून उभा राहिला आहे. त्यावर केशिदेवाचे नाव आहे. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा शक ९३४ वाचला. तसे असेल तर तो इ. स. १०१२ चा, आणि केशिदेव म्हणजे अरिकेसरी, ज्याचे शके ९३९ चे ताम्रपट ठाण्याला मिळाले आहेत. इतर अभ्यासकांनी तो दुसऱ्या केशिदेवाचा, म्हणजे जवळपास दोनशे वर्षे अलीकडचा मानला. मराठीच्या इतिहासाची दोन शतके एका नावाच्या ‘कोणता’ या प्रश्नावर तोललेली आहेत. आणि इथेच आपल्या बखरीसाठीही एक सापळा आहे. बखरीतला केशवदेव आणि लेखांतला दुसरा केशिदेव हे दोघेही तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, दोघेही उत्तर कोकणातले. तेव्हा हे दोघे एकच, असे म्हणायचा मोह होतो. पण भिवंडीजवळच्या चौधरपाड्याचा शके ११६१ चा लेख केशिदेवाला अपरार्काचा पुत्र म्हणतो, आणि बखरीतल्या केशवदेवाचा बाप महिबिंब आहे. बाप वेगळा निघाला की, दुसरा भक्कम पुरावा येईपर्यंत, माणूस वेगळा धरायचा. माझी कसोटी ही आहे, आणि ती मला गैरसोयीची ठरते तिथेही मी ती पाळतो. केशवदेव आणि केशिदेव एकच निघते, तर बखरीला शिलालेखाचा आधार मिळाल्याचे समाधान मिळाले असते.

ही कसोटी काम करते याचे सुंदर उदाहरण अपरादित्यांचेच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘अपरार्क’ नावाने प्रसिद्ध असलेली मोठी टीका कोकणच्या एका शिलाहार राजाच्या नावावर आहे. तो पहिला अपरादित्य की दुसरा? पहिल्याचे लेख ११२७ च्या सुमारापासूनचे, दुसऱ्याचे ११८० च्या दशकातले. नुसत्या नावावरून निकाल लागणे शक्यच नव्हते. साक्षीदार मिळाला तो थेट काश्मीरमध्ये. तिथल्या मंख कवीच्या श्रीकंठचरितात, कोकणच्या अपरादित्याने पाठवलेल्या तेजकंठ नावाच्या दूताचा उल्लेख येतो, आणि मंखाचा काळ काश्मीरच्या जयसिंह राजाचा, म्हणजे बाराव्या शतकाचा दुसरा पाद. त्या काळात कोकणात पहिला अपरादित्य होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या पुराव्याची चर्चा केली आणि टीका पहिल्याकडे जाते असे मत मांडले. कोकणच्या राजाचा दूत झेलमच्या काठी पंडितसभेत बसतो आणि नऊशे वर्षांनी त्याच्या राजाची ओळख पटवून देतो, यासारखा आनंद इतिहासात थोडाच मिळतो. पण पाहा, निकाल कशाने लागला : काळाने, पदाने, आणि ज्याला खोटे बोलायचे काहीच कारण नव्हते अशा दूरच्या साक्षीदाराने. नावाने फक्त प्रश्न उभा केला होता.

दुसऱ्या बिंबासाठी असा दूरचा साक्षीदार अजून मिळालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यादवांच्या समकालीन साधनांतून रामदेवरावांचा पुत्र म्हणून ठळकपणे पुढे येतो तो शंकरदेव. पण बिंबदेवाच्या आगमनाची पार्श्वभूमी मात्र भक्कम आहे. रामदेवरावांच्या आधीचा यादव राजा महादेव याने शेवटच्या शिलाहार सोमेश्वराचा पराभव केला, त्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे हेमाद्रीने लिहून ठेवले आहे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर कोरलेली नौकायुद्धे याच संग्रामाची मानली जातात. त्यानंतर कोकणावर यादवांचे अधिकारी नेमले गेले. १२९६ मध्ये अलाउद्दीनाने देवगिरी लुटली आणि घाटावरचे आयुष्य अस्थिर झाले. तेव्हा यादव घराण्यातील कुणी पुरुष आपल्याच सत्तेखालच्या किनाऱ्याकडे वळला आणि त्याच्याबरोबर घाटावरची कुटुंबे आली, यात अशक्य असे काहीच नाही. तो रामदेवरावांचा औरस पुत्र होता की घराण्यातला दुसरा कुणी, हे सिद्ध व्हायचे आहे. त्याचे नाव जन्मापासून बिंब होते की इथल्या जुन्या राजाचा वारसा सांगण्यासाठी त्याने ते घेतले, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. कागलच्या यशवंतरावांना कोल्हापुरात शाहू व्हावे लागले. तसेच सातशे वर्षांपूर्वी महिकावतीच्या गादीवर बसणाऱ्याला बिंब व्हावे लागले असेल. हा माझा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच तो घ्यावा.

माणसांबरोबर गावांचीही नावे जुळली, म्हणून गुंता अधिक घट्ट झाला. माहीम दोन आहेत : एक आपले केळवे-माहीम आणि एक मुंबई बेटावरचे. बखरीतली महिकावती कधी इकडे वळते, कधी तिकडे. मुंबईत बसून वाचणाऱ्यांना ती साहजिकच मुंबईची वाटली, आणि बिंबराजा म्हणजे मुंबईचा पहिला राजा असे समीकरण शहराच्या इतिहासात रूढ झाले. दुसऱ्या बिंबाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पहिल्याची राजधानी मात्र इथे होती आणि वसाहतही उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेली, हे बखरीतल्या वाटेवरून स्पष्ट दिसते. दोन बिंब आणि दोन माहीम एकात एक मिसळले तेव्हा नुकसान झाले ते केळवे-माहीमचे. मोठ्या शहराच्या नावाने धाकट्या गावाचे श्रेय नेले. दुसऱ्या चिमाजीचे जे झाले तेच इथे एका गावाचे झाले.

आता हरकतींचा विचार करू. पहिली हरकत अशी की मुळात बखरच अविश्वसनीय आहे. तिचे शक जुळत नाहीत, तिच्यात देवीचे दृष्टान्त आहेत, मग तिच्यातले दोन राजे वेगळे करून काय मिळणार? कदाचित दोघेही काल्पनिक असतील. हरकत गंभीर आहे. पण बखरीचे शक चुकले असले तरी तिच्यातला क्रम सहज रचता येण्यासारखा नाही. कल्पित पूर्वजाची कथा रचणारा माणूस एकच भव्य राजा उभा करतो आणि सगळी कुळे त्याच्या पायाशी आणून बसवतो. केशवाचार्याने तसे केले नाही. त्याने मध्येच निपुत्रिक राजा घातला, प्रधान घातला, राज्य परक्याच्या हाती गेल्याचे लिहिले, आणि मग दुसऱ्या घराण्यातला त्याच नावाचा राजा आणला. गौरवासाठी लिहिणाऱ्याला हे सारे अडचणीचे होते. लेखकाला नको असलेली गोष्ट त्याच्या लेखनात शिल्लक राहते तेव्हा ती बहुधा त्याला परंपरेतून मिळालेली असते. शिवाय तो लिहीत होता दुसऱ्या बिंबानंतर दीडशे वर्षांनी. पाच-सहा पिढ्यांची आठवण वतनदार घराण्यांत कागदांसह टिकते. दुसरा बिंब त्याला पहिल्याहून अधिक जवळचा होता, म्हणून त्याच्याविषयीच्या मजकुरावर मी अधिक विश्वास ठेवीन आणि प्रतापबिंबाविषयीच्या तपशिलांवर कमी. पुराव्याला कमी-अधिक वजन देता येते. तो सगळाच उचलायचा किंवा सगळाच टाकायचा असे नसते.

दुसरी हरकत अधिक मार्मिक आहे. ती म्हणते, एकाचे दोन करण्याचा हा नाद कुठवर न्यायचा? याच मार्गाने जाणाऱ्यांनी ज्ञानेश्वरही दोन केले होते. हे खरे आहे. १८९८ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या टोपणनावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी लेखमाला लिहून, ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि विठ्ठलभक्तीचे अभंग रचणारे वेगळे, असे प्रतिपादन केले. ग्रंथाची भाषा आणि अभंगांची भाषा वेगळी, ग्रंथाचा कल आणि अभंगांचे दैवत वेगळे, हे त्यांचे आधार होते. महाराष्ट्रात मोठे वादळ उठले, आणि अखेर बहुतेक अभ्यासकांनी तो सिद्धान्त स्वीकारला नाही. का स्वीकारला नाही, हे पाहण्यासारखे आहे. भाषेतल्या फरकाचा खुलासा दोन माणसे न मानताही होत होता. ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली आणि तिचा पाठ जपला गेला. अभंग मात्र शतकानुशतके टाळकऱ्यांच्या तोंडी फिरले आणि ज्या त्या काळाच्या भाषेत न्हाऊन निघाले. बाप, गुरुपरंपरा, भावंडे, काळ, यांपैकी एकही खूण दोन ज्ञानदेवांना वेगळे करत नव्हती. उलट नामदेवांच्या बाबतीत हीच शंका खरी ठरली. तेराव्या-चौदाव्या शतकातले नामदेव आणि सोळाव्या शतकात महाभारत ओवीबद्ध करणारे विष्णुदास नामा हे दोन स्वतंत्र कवी होते, आणि दोघांच्या नाममुद्रा इतक्या सारख्या की विष्णुदासांची रचना नामदेवांच्या गाथेत शिरली. तिथे काळाचे अंतर निर्विवाद होते. म्हणून माझे म्हणणे ‘नाव सारखे दिसले की संशय घ्या’ इतके सरधोपट नाही. एकत्र करणाऱ्याने जितका पुरावा द्यायचा तितकाच वेगळे करणाऱ्यानेही द्यायचा. दोन बिंबांना वेगळे करणारा पुरावा आपल्याकडे आहे : वंश वेगळा, येण्याची दिशा वेगळी, काळात दीडशे वर्षांचे अंतर, आणि मध्ये घडलेल्या सत्तांतराची हकिकत. ज्ञानदेवांच्या बाबतीत यांतले काहीच नव्हते.

तिसरी हरकत विद्वानांची नाही, ती घराघरांतली आहे, आणि मला तिची सर्वांत जास्त कदर वाटते. लोक म्हणतात, राजा एक असो की दोन, आमचे पूर्वज आले, त्यांनी खाजणे अडवून शेते केली, वाड्या लावल्या, देवळे बांधली. राजाच्या नावाचा घोळ मिटवून आम्हांला काय मिळणार? याचे उत्तर याच घराण्यांच्या दुसऱ्या एका जुन्या वादात आहे. या किनाऱ्यावरच्या ज्या समाजांना बिंबाची परंपरा आहे, त्यांच्यात आपले मूळ गाव कोणते याविषयी दोन मते चालत आली आहेत. कुणी अणहिलवाड पाटण म्हणतो, कुणी गोदाकाठचे पैठण. यावर ज्ञातींच्या सभांतून आणि कुलवृत्तान्तांच्या प्रस्तावनांतून पुष्कळ वाद झाले. पाटणवाल्यांनी पैठणवाल्यांना खोटे पाडले आणि पैठणवाल्यांनी पाटणवाल्यांना. राजा एकच धरला की दोघांपैकी एकाला खोटे ठरवल्यावाचून गत्यंतर नाही. राजे दोन धरले की दोघेही खरे असू शकतात : बाराव्या शतकात प्रतापबिंबाच्या मागोमाग गुजरातच्या अंगाने उतरलेली कुळे, आणि तेराव्या शतकाच्या शेवटी देवगिरीच्या पडझडीतून घाट उतरून आलेली कुळे. दोन्ही इथे भेटली, त्यांच्यात सोयरिकी झाल्या, देव आणि आडनावे एकमेकांत मिसळली आणि पुढे सगळ्यांनी आपली वाट एकाच राजाकडे नेली. तरीही कुलदैवते, गोत्रे, लग्नातले काही विधी आणि बोलीतले काही शब्द यांत दोन वाटांच्या खुणा उरलेल्या असणार.

त्या खुणा गोळा करण्याचे काम मुंबईत किंवा पुण्यात बसून होणारे नाही. ते एडवण, मथाणे, कोरे, दातिवरे, केळवे आणि माहीम इथल्या घरांतूनच व्हायला हवे. कुलवृत्तान्त लिहिणाऱ्या प्रत्येक मंडळाने ‘बिंबराजाबरोबर आलो’ या वाक्याखाली चार रकाने आखावेत : कुलदैवत कोणते आणि त्याचे मूळ ठाणे कुठे, घरात सांगितले जाणारे मूळ गाव पाटण की पैठण, सर्वांत जुना हाती असलेला कागद कोणत्या सालचा, आणि त्या कागदावर पूर्वजाचे नाव बापाच्या नावासह आहे की नुसते. ज्या घरात नुसते नाव आहे तिथे तसे स्पष्ट लिहावे; शेजारच्या घराच्या वंशावळीतला त्याच नावाचा पुरुष उचलून आपल्या वंशावळीत बसवू नये. शंभर-दोनशे घरांचे हे रकाने एकत्र मांडले, की गुजरातकडून आलेली कुळे कोणत्या गावांत अधिक आहेत आणि देवगिरीकडची कोणत्या, हे पाहता येईल, आणि दोन बिंबांचा प्रश्न बखरीच्या पानांवरून या गावांच्या नकाशावर येईल.